मालिशवाली आणि फिजिओ
काही जण म्हणतात की डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असण्याची स्थिती) असलेल्या बाळांची फिजिओथेरपी म्हणजे पैसे देऊन केलेली मालिशच, आणि ते काम न्हाऊ घालणारी बाईही करते. नाही पटलं. मालिशीत बाळ नुसतं पडून असतं. थेरपीत हालचाल त्याने स्वतः करायची असते. माझ्या भाचीला डाउन सिंड्रोम आहे. तिची थेरपिस्ट तिला हात लावायची तो कमरेला जरासा आधार देण्यापुरता, बाकी सगळा वेळ खुळखुळा थोडा लांब धरून तिला वळायला लावायचं. पाहुण्यांना वाटायचं, ह्या बाई नुसत्या खेळतात आणि फी घेतात!

पण या वादात सहसा राहून जाणारी गोष्ट म्हणजे मान. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू शिथिल असतात तसे सांध्यांचे बंधही सैल असतात, आणि काही मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधाही. आपल्याकडे मालिशीनंतर बाळाला पाय धरून उलटं करतात, हात-पाय उलटसुलट ताणतात, ते या मुलांना अजिबात करू नये. सांधे आधीच सैल, त्यांना आणखी ताणून काय मिळणार? हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. मानेचा तो सैल सांधा सरकला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून मूल मान वाकडी धरायला लागलं, चाल बदलली, हाताची पकड ढिली झाली किंवा अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय परत सुरू झाली, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.