शेजारचं गिऱ्हाईक: सांगलीकरांनो, तुमचे अनुभव सांगा

गेल्या शनिवारी विश्रामबागेतल्या एका मोठ्या दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढं एक टोपली होती. नुसती टोपली, माणूस नाही. आत जिऱ्याची एक पुडी. रांग सरकली की मीच ती पायानं पुढं ढकलत होते, कारण मागचे काका ‘सरका की ताई’ म्हणत होते. काउंटरजवळ पोचले तेव्हा टोपलीचे मालक उगवले. बरोबर वहिनी, दोन पोरं आणि काठोकाठ भरलेली ट्रॉली. ‘आमचा नंबर होता ओ इथं.’ म्हणजे त्यांचा नंबर मीच वीस मिनिटं पायानं सांभाळला होता! मी काही बोलले नाही. घरी येऊन कुकर लावताना मात्र एकापेक्षा एक उत्तरं सुचली.

म्हणून हा धागा. दुकानदाराच्या तक्रारी नकोत, त्या आपण रोजच करतो. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं सांगा. किराणा, भाजी, गिरण, रेशन, काहीही चालेल. त्यावर तुम्ही काय केलंत तेही सांगा. ‘लोकांना अक्कल नाही’ एवढंच लिहायचं असेल तर ते मीच लिहून टाकते: नाही. आता पुढं बोलू. दुकानांची नावं टाकू नका.

गणपती पेठेतला

मी पेठेत एका किराणा दुकानात माल काढायला आहे, सोळा वर्षं झाली. आमच्याकडं अजून यादीचा कारभार आहे. गिऱ्हाईक यादी देतं, ती गल्ल्याजवळ अर्ध्या किलोच्या मापाखाली जाते. जुनी वर, नवी खाली. वरची उचलायची, माल काढायचा, हाक मारायची. सोपं आहे.

एक गृहस्थ दर महिन्याला यायचे. नमस्कार वगैरे करून माप हळूच उचलायचे, आपली यादी सगळ्यात वर ठेवायचे आणि बाहेर जाऊन चहा प्यायचे. बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा मालक म्हणाले, बोलू नको, जुनं गिऱ्हाईक आहे. मग मी याद्यांच्या कोपऱ्यावर खडूपेन्सिलीनं आकडे टाकायला लागलो. पुढच्या महिन्यात त्यांची यादी वर होती, पण बिनआकड्याची. मी मोठ्यानं ओरडलो, ‘ही बिननंबरची कुणाची ओ?’ ते चहा टाकून आले आणि म्हणाले, ‘असू दे, असू दे, खाली ठेवा.’ अजूनही येतात. अजूनही नमस्कार करतात.

खरा ताप मात्र ‘एकच वस्तू आहे’वाल्यांचा. दहा किलो गहू पोत्यातून मापात घेताना कानाशी येऊन ‘पावशेर साखर द्या फक्त’. साखर दिली की ‘बरं, आता आलोयच तर पोहे पण’.

बेदाणेवाला

मी कबुली द्यायला आलोय. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला २०१८ मध्ये. फुकट चव बघायच्या आपल्या पद्धतीलाही मिळायला हरकत नव्हती. मी दुकानात शिरलो की आधी हिरवा बेदाणा, मग पिवळा, मग काळा, आणि ‘बघू’ म्हणून परत हिरवा. एकदा पावशेर मागितल्यावर दुकानदारानं शांतपणे विचारलं, ‘साहेब, पोटातला धरून करू का वजन?’ मागं चार बायका होत्या. त्या हसल्या ते हसू दे, पण त्यातली एक माझ्या मुलीची वर्गशिक्षिका निघाली.

डंकावरची

माझा अनुभव जरा वेगळा आहे, कारण त्यात चूक कुणाची हे मला आजही नीट सांगता येत नाही.

एप्रिल महिना, चटणीचे दिवस. परगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाची, वर्षाची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. घरी मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला तेलात भाजायचा, सगळं डब्यात भरून डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या मशीनवर, न्यायचं. डंकावर माणसं नसतात रांगेत, डबे असतात. माझा सातवा होता. आत लोखंडी मुसळं धाडधाड आपटत होती, बाहेर सगळ्याजणी पदर नाकाला लावून शिंकत होत्या.

एवढ्यात एक बाई आल्या आणि आपला डबा सरळ पहिला ठेवला. गलका झाला. कुणी म्हणालं, ‘ओ काकी, आम्ही काय मिरच्या राखायला बसलोय काय?’ त्या म्हणाल्या, ‘आमच्यात कांदा-लसूण चालत नाही. तुमचं झाल्यावर माझं कुटलं तर सगळा वास लागतो. उखळ आत्ता पुसलेलं आहे, म्हणून आत्ताच पाहिजे.’

त्या जैन होत्या. खोटं काहीच बोलत नव्हत्या. डंकाच्या उखळात आधीच्या मालाचं चमचाभर तरी राहतंच, कितीही झाडा. पण ऊन मी म्हणत होतं आणि पहिला डबा ज्यांचा, त्या आजी कवलापूरहून एसटीनं आल्या होत्या. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. अर्धा तास दोन्हीकडून बोलणी झाली आणि तेवढ्यात कुणाचंच कुटून झालं नाही.

शेवटी डंकवाल्या मामांनी मशीन बंद केलं. उखळ परत पुसलं, मूठभर कोरडे धने घालून कुटले, ते फेकले, आणि काकींना म्हणाले, ‘आजींचं झाल्यावर असंच करून देतो. धन्याचे पैसे तुमचे.’ काकी कबूल झाल्या, पण तोंड वाकडं करूनच. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: बिगर कांदा-लसूण सकाळी ८ ते ९. काकींना पुढच्या वर्षी आठला बघितलं. मी साडेआठला पोचले तर त्याच मला म्हणाल्या, ‘तुमचा नऊनंतर हां.’

मिरजेहून

हेच गिरणीत. ज्वारीवर गहू दळला की चपाती फाटते, हे सगळ्यांना कळतं. पण ‘माझा गहू आधी’ म्हणणारा ‘तुमची ज्वारी नंतर का’ हे कधी विचारत नाही.

काउंटरपलीकडची

मी मोठ्या दुकानात बिलिंगला आहे. तुम्ही सगळे रांगेच्या त्या बाजूनं लिहिताय, मी या बाजूनं लिहिते. आम्ही दिवसभर उभ्या असतो, हे आधी सांगते.

फोनवाली गिऱ्हाइकं. फोन कान आणि खांद्यात धरलेला, मी ‘पिशवी हवी का?’ विचारलं की बोटानं थांब अशी खूण. मागची रांग माझ्याकडं रागानं बघते, त्यांच्याकडं नाही. मी काय करते? वस्तू हातात धरून थांबते. मशीनचा टिंग टिंग आवाज बंद पडला की माणूस आपोआप वर बघतो. बोलावं लागत नाही.

दुसरे वजनाचा स्टिकर न लावता बटाटे आणणारे. तिसरे, आणि यांच्यावर माझा खरा राग आहे, गोठवलेल्या मटारची पिशवी घेतात, मन बदलतं, आणि ती बिस्किटांच्या मांडणीत ठेवून जातात. आम्हाला सापडते तेव्हा ती मऊ झालेली असते, खालचे पुडे ओले. परत फ्रीझरमध्ये ठेवून विकता येत नाही, फेकावीच लागते. नको असेल तर माझ्याकडं द्या की. मी एक शब्द बोलणार नाही.

मंडईतली पोरगी

आई शिवाजी मंडईत भाजी विकते. भेंडी कवळी आहे का बघायला लोक टोक मोडतात. टोक मोडलेली भेंडी दुसरं कुणी घेत नाही, काळी पडते. बोलून उपयोग होत नाही, म्हणतात, ‘मग बघायचं कसं?’ आई आता एकच करते. बोलता बोलता मोडलेल्या भेंड्या गोळा करते आणि पहिल्यांदा त्याच तागडीत टाकते. ‘तुम्ही निवडलेल्या हायत्या ताई, कवळ्या हायत.’ दुधीला नख लावणाऱ्यांवर अजून उपाय सापडलेला नाही.

गावभागातला

ऑगस्ट २०१९. कृष्णा आयर्विन पुलापाशी रोज फुटानं चढत होती. पाणी गल्लीत यायच्या आदल्या संध्याकाळी दुधासाठी ही गर्दी. दुकानदारानं सांगितलं, माणशी दोनच पिशव्या. माझ्यापुढं एक कुटुंब होतं. आधी बाई, मग नवरा, मग सासूबाई, मग तीन पोरं, सगळी अनोळखी असल्यासारखी एकमेकांकडं न बघता. दोन-दोन करत बारा पिशव्या. धाकटा ‘आई, माझ्या पण घेतल्या!’ म्हणून ओरडला नसता तर पत्ताही लागला नसता. माझ्यापर्यंत दूध संपलं. मी दूध पावडर घेतली आणि मनात बरंच बोललो. पुढं त्या वेळी पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आम्हाला सगळ्यांनाच घरं सोडावी लागली. त्या बारा पिशव्यांचं काय झालं हे त्यांना विचारायचं अजून धाडस झालेलं नाही. समोरच राहतात.

कुपवाडहून

माझी आत्या हळदीच्या कामाला जायची. अंगठ्याच्या रेघा झिजल्यात, रेशनच्या मशीनवर ठसा लवकर उठत नाही. माणशी ५ किलोसाठी चार-चार वेळा अंगठा दाबायचा. मागून सुरू होतं, ‘आज्जे, बाजूला हो, आमचं होऊ दे, मग तू बस दाबत.’ एकदा बाजूला झाली की परत कोण घेतंय पुढं? म्हणून ती हलत नाही. मागच्यांच्या लेखी तीच आडमुठी. मी बरोबर असले की मागं वळून एवढंच म्हणते, ‘मशीन ओळखत नाही तिला, तुम्ही तरी ओळखा.’ कधी चालतं, कधी नाही. मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या पोरानं काही न बोलता बाटलीतलं पाणी रुमालावर घेतलं, तिचा अंगठा पुसला, कोरडा केला. तिसऱ्यांदा उठला ठसा. आत्या त्याला म्हणाली, ‘लगीन झालंय का रं?’

धागाकर्ती, पुन्हा

वाचून हुरूप आला. काल परत त्याच दुकानात गेले. रांगेत पुढं परत बिनमाणसाची ट्रॉली. या वेळी पायानं ढकलली नाही. ती बाजूला केली आणि पुढं सरकले. तेवढ्यात एक काका आले, ट्रॉलीजवळ थांबले. मी कुकरजवळ तयार केलेलं वाक्य एका दमात म्हटलं: ‘काका, रांग माणसांची असते, सामानाची नाही.’ मागच्या दोघी ‘बरोबर आहे’ म्हणाल्या.

काका गोंधळून म्हणाले, ‘पण ही माझी नाही ओ. मी नुसता शेवट कुठं आहे ते बघतोय.’

मी त्यांना माझ्यापुढं घेतलं. ट्रॉलीला शेवटपर्यंत कुणी आलं नाही. आत कोबीचा गड्डा, दोन साबण आणि सगळ्यात वर मटारची पिशवी होती. मी ती उचलून काउंटरवर दिली. मऊ झाली होती.