शाळेला समुपदेशक हवा की वर्गशिक्षकाला वेळ?

सायली_ठाणे
जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे. माझ्या लेकीच्या शाळेत नऊशेच्या वर मुलं आहेत. पालकसभेत विचारलं, तर उत्तर आलं, "आमचे वर्गशिक्षकच समुपदेशक."

गेल्या वर्षी, सातवीत, तिच्या पोटात दर सोमवारी सकाळी दुखायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी ती मावशीजवळ बोलली. गणित चुकलं की तिला फळ्यापाशी तास संपेपर्यंत उभं करत होते. गणित शिकवायच्या वर्गशिक्षिकाच. मग तिने शाळेत सांगायचं कुणाला?

दोनशिक्षकी
ताई, लेकीला सोसावं लागलं ते चूकच. पण माझ्या जिल्हा परिषद शाळेत बावीस पोरं आणि आम्ही दोघं. शंभराची अट आमच्या गावापर्यंत येत नाही. आमच्याइतक्या लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं निकालात आहे. तालुक्याला असा तज्ज्ञ मला तरी सापडलेला नाही.

आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं आजीकडे राहतात. तिसरीतला एक जण खिचडी न खाता डब्यात भरून घ्यायचा. पंगतीत शेजारी बसलो म्हणून कळलं, आजी अंथरुणाला खिळली होती. महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला हे दिसलं असतं? बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचे हिशेब काढून घ्या. पोरांकडे बघायला मी आहे.

जुना_खडू
आम्ही छड्या खाऊनच शिकलो. हल्ली मुलांना उगाच नाजूक करून ठेवलंय. उद्या गृहपाठ दिला तरी समुपदेशक बोलवाल.

सायली_ठाणे
@जुना_खडू, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. २००९ चा कायदा आहे हा. गृहपाठाबद्दल मी एक शब्द बोललेले नाही.

रेवा_समुपदेशक
दोनशिक्षकी सर, डबा तुम्हाला दिसला, हे माझ्या पदवीने झालं नसतं. पण पुढचं ऐका. एखादी मुलगी म्हणते, "सर, कुणाला सांगणार नसाल तरच सांगते." मायेपोटी तुम्ही शब्द देता आणि ती घरातल्या माणसाकडून होणारा अत्याचार सांगते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार आता कळवणं बंधनकारक आहे. दिलेला शब्द मोडावा लागतो, आणि ती पुन्हा तोंड उघडत नाही. असा शब्द आधीच द्यायचा नसतो, हे शिकावं लागतं. मीही शिकले.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, सर्वाधिक महाराष्ट्रात. मूल जगण्याबद्दल निरवानिरवीचं बोलायला लागलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत मिळवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

दोनशिक्षकी
शब्द देण्याचं पटलं. मी असा शब्द दिलेला आहे एकदा.

सायली_ठाणे
सर, प्रत्येक केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक कायमचा समुपदेशक दिला तर? दहा-बारा शाळा, दर आठवड्याला फेरी.

दोनशिक्षकी
कायमचा असेल तर चालेल. कंत्राटी नको. अकरा महिन्यांनी माणूस बदलला की पोरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायचं का? आणि आमचं बीएलओचं काम तेवढं काढाच.