इंग्रजीतला 'पंच' आपल्या 'पाच'वरून आला का?

कसबा_पेठ
नववीच्या मुलांसाठी शब्दांच्या मुळांवर टिपण करते आहे. 'पंच' म्हणजे ठोसा, भोक पाडायचं हत्यार, एक पेय आणि बाहुल्यांच्या खेळातलं पात्र. शिवाय आपला पंचनामा आहेच. हा सगळा एकच शब्द का? आणि पेयाचं नाव आपल्या 'पाच'वरून पडलं, असं बिनधास्त लिहू का?

शब्दमूळ
ताई, हे किमान तीन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग एक झालंय. चांगल्या कोशात अशा नोंदींना बारीक १, २, ३ असे आकडे असतात, ते आधी बघा. आकडा बदलला की मूळ बदललं.

हत्याराचा पंच लॅटिन 'पुंगेरे'वरून, म्हणजे टोचणे, फ्रेंचमार्गे आला. पंक्चर, पॉइंट, पंक्चुअल ही सगळी त्याच घरातली. ठोशाचा पंचही बहुधा तिथलाच: आधी अर्थ होता ढोसणे, मुठीने मारणे हा नंतरचा. अमेरिकेतला 'काउपंचर' गुरांना ठोसे मारत नाही, काठीने ढोसून हाकतो.

बाहुलीचा पंच म्हणजे इटलीतल्या नेपल्सच्या नाटकांतला विदूषक पुल्चिनेला. इंग्रजांनी त्याचा 'पंचिनेलो' केला, मग शेपूट तोडलं. १६६२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनात हा खेळ पाहिल्याचं सॅम्युअल पेपिस या इंग्रज गृहस्थाच्या रोजनिशीत आहे. 'प्लीज्ड ॲज पंच' हा वाक्प्रचार या बाहुलीचा, पेयाचा नव्हे.

आता पेय. सर्वांत जुनी इंग्रजी नोंद १६३२ ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या नोकराच्या पत्रातली. जॉन फ्रायर हा डॉक्टर आपल्या जुन्नरलाही येऊन गेला होता. १६९८ च्या प्रवासवर्णनात तो स्पष्ट म्हणतो की हा हिंदुस्थानी भाषेतला पाचाचा शब्द, कारण जिन्नस पाच. अरक (इथली गाळलेली दारू), साखर, लिंबू, पाणी, मसाला असा हिशेब सहसा सांगतात.

अडचण उच्चाराची आहे. त्या काळी इंग्रज हा शब्द 'पुंच'च्या जवळपास उच्चारत. आपल्या 'अ'चा 'उ' कसा झाला, हे पटेल असं सांगता येत नाही. जुन्या कृतींत जिन्नसही नेहमी पाच नसतात. म्हणून काही अभ्यासक 'पंचन' या मोठ्या पिंपाकडे बोट दाखवतात, कारण पेय खलाशांचं आणि दारू पिंपातली.

भोसरी_टूलरूम
हत्याराबद्दल थोडं. 'टोचणे' हा मूळ अर्थ मार्किंगच्या पंचात अजून जिवंत आहे. प्रिक पंचचं टोक साधारण ६०°, त्याने रेषांच्या छेदावर हलकी खूण करायची. मग ९०° चा सेंटर पंच त्याच खुणेवर ठेवून हातोडीचा एकच नीट घाव. खळगा रुंद होतो, ड्रिलचं टोक त्यात बसतं आणि घसरत नाही. घाव तिरका पडला की भोक तिथेच सरकलं समजा.

प्रेसच्या, म्हणजे पत्रा कापायच्या यंत्राच्या, पंचाला बहुतेक वेळा टोकच नसतं. तो टोचत नाही, धारेने कातरतो. भोक हवं असेल तर माप पंचावर धरतात आणि क्लिअरन्स (दोघांमधली फट) डायला, म्हणजे पंच ज्यात शिरतो त्या खालच्या भोकाच्या साच्याला, देतात. कापून पडलेला तुकडाच हवा असेल (ब्लँकिंग) तर माप डायवर, पंच लहान. २ मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पत्र्याला प्रत्येक बाजूला ०.१ ते ०.१६ मिमी क्लिअरन्स चालतो. जास्त ठेवला तर बर (कडेला उरलेली खरखरीत धार) मोठी येते, कमी ठेवला तर प्रेसवर जोर येऊन धार लवकर जाते. मुलांना वर्गात ऑफिसचा पंच दाखवा: दोन भोकांच्या केंद्रांत ८० मिमी अंतर, भोक ६ मिमी. खाली पडलेल्या गोल टिकल्यांची कड बघितली की कातरणं म्हणजे काय ते कळतं.

कसबा_पेठ
आणि पंचनामा?

शब्दमूळ
पाच जणांची पंचायत, त्यातला पंच, आणि फारसी 'नामा'. हत्याराशी काही संबंध नाही. मात्र आपला 'पाच', ग्रीक 'पेंते' (त्यावरून पेंटॅगॉन) आणि इंग्रजी 'फाइव्ह' हे मुळातले भाऊबंद. पेयाची गोष्ट खरी ठरली, तर 'पंच' हा 'फाइव्ह'चाच लांबचा चुलतभाऊ.

कसबा_पेठ
मग असं लिहिते: 'हे नाव मराठी पाचवरून आलं असावं, पण उच्चाराची शंका आहे.'

शब्दमूळ
'मराठी' काढा. फ्रायर हिंदुस्थानी म्हणतो. बाकी वाक्य ठेवा.