एनजीसी १३६५ : केंद्र झाकले गेले की मंदावले?

प्रश्न :
एनजीसी १३६५ ही सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवरील दंडयुक्त सर्पिल दीर्घिका आहे. एप्रिल २००६ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने तिचे साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने सहा वेळा निरीक्षण केले. त्यांपैकी दुसऱ्या वेळी केंद्रातून थेट येणारे क्ष-किरण जवळपास नाहीसे झाले होते आणि पुढच्या वेळी ते पुन्हा दिसले. मध्ये वायूचा ढग आला, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु केंद्रातील कृष्णविवराभोवतीचा क्ष-किरणांचा स्रोतच तात्पुरता मंदावला नसेल, हे कशावरून ठरवले?

प्रतिसाद १ :
उत्तर वर्णपटाच्या, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण येतात याच्या आलेखाच्या, आकारात आहे. वायूतून जाताना कमी ऊर्जेचे क्ष-किरण आधी शोषले जातात आणि जास्त ऊर्जेचे बऱ्याच अंशी पार होतात. म्हणून ढग आला की वर्णपट कमी ऊर्जेच्या बाजूने कापला जातो. स्रोत स्वतः मंदावला असता, तर साधारणपणे सर्वच ऊर्जांचे किरण कमी झाले असते. वायूच्या स्तंभात दर चौरस सेंटिमीटरमागे १०^२४ हून अधिक हायड्रोजन अणू असतील, तर १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा (हे किरणांच्या ऊर्जेचे एकक) थेट प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो आणि उरतो तो दूरच्या वायूवरून परावर्तित झालेला प्रकाश, ज्यात ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची लोहाची रेषा ठळक दिसते. त्या दुसऱ्या निरीक्षणात नेमके हेच दिसले.

मला याहून मोलाची वाटते ती यातून मिळालेली मोजपट्टी. स्रोत पूर्ण झाकायला ढगाच्या कडेला स्रोताची संपूर्ण रुंदी ओलांडावी लागते. उदाहरणादाखल ढगाचा वेग सेकंदाला ३,००० किलोमीटर धरला, तर दोन दिवसांत तो सुमारे ५२ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेतीन पट जाईल. स्रोत त्याहून मोठा असू शकत नाही. कोणत्याही दुर्बिणीला थेट न दिसणारी ही लांबी केवळ एका ग्रहणावरून मोजता आली.

प्रतिसाद २ :
वरील विवेचन बरोबर आहे, तरीही एक सावधगिरी हवी. ढग स्रोताचा काही भागच झाकत असेल, तर शोषणामुळे वर्णपटाला येणारा बाक, कृष्णविवराच्या तीव्र गुरुत्वाकर्षणाने लोहरेषा पसरल्यामुळे येणाऱ्या बाकासारखा दिसू शकतो. यावर बराच काळ वाद होता. २०१२ मध्ये न्यूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणींनी हीच दीर्घिका एकाच वेळी पाहिली, तेव्हा १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरची माहिती हाती आली. केवळ शोषणावर आधारलेली प्रारूपे तिच्याशी जुळली नाहीत आणि कृष्णविवर वेगाने फिरत असल्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून झाकोळाविषयी बोलताना केवळ कमी ऊर्जेच्या वर्णपटावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. मग केंद्राभोवती वायू-धुळीचे एकसंध जाड कडे असते, हे जुने चित्र सोडून द्यायचे का?

प्रतिसाद १ :
पूर्णपणे नाही. एनजीसी १०६८ या दुसऱ्या दीर्घिकेमध्ये आपल्या दृष्टिरेषेत खरोखरच फार दाट द्रव्य आहे. पण तिथेही ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूस्टारला २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर तात्पुरती वाढ दिसली, जणू एखादी फट क्षणभर उघडली. म्हणजे कडे असले, तरी ते ढगाढगांचे बनलेले आहे. २०१३ मध्ये एनजीसी ५५४८ या दीर्घिकेच्या केंद्रापुढे आलेला वायूचा प्रवाह तर काही दिवसांत न सरता पुढेही टिकून राहिला. स्वतः वर्णपट तपासायचा असेल, तर २०१५ मध्ये सोडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाच्या खुल्या नोंदी पाहाव्यात. त्या वापरण्यासाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये साहाय्य कक्ष स्थापन झालेला आहे.