युथ ग्रुपची पोरं फुटबॉलला येतात, नाताळच्या गोठ्याला येतात, सेवेला येत नाहीत. काय करू?

वाडीतली_ताई

नमस्कार सगळ्यांना. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, दोन वर्षं झाली आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या) युथ ग्रुपची अ‍ॅनिमेटर आहे, म्हणजे ग्रुप सांभाळते, त्याआधी संडे स्कूलला शिकवायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर ६४ जण आहेत. डिसेंबरात गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायचा म्हटलं की हीच पोरं रात्री दोन दोन वाजेपर्यंत थांबतात, पेंढा आणतात, बांबू तासतात, कुणी बोलवावं लागत नाही. फुटबॉल टुर्नामेंट असली की जर्सीचे पैसे एका दिवसात जमा. पण गेल्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, मी वृद्धाश्रमाची भेट ठेवली तर ११ जण आले, केक कापला, दोन गाणी म्हटली, फोटो काढले आणि पाऊण तासात सगळे बाईकवर बसून निघाले पण.

मला संख्येचं एवढं वाटत नाही. तिथे एक आजी होती, तिने माझा हात धरून ठेवला होता, निघताना विचारलं परत कधी येशील गं, मी म्हटलं लवकरच. आम्ही परत गेलोच नाही. आता सहा महिने होतील, आणि मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) बसले आणि मत्तयच्या शुभवर्तमानातलं ते 'मी भुकेला होतो, मी आजारी होतो' वाचन आलं की मला त्या आजीचा हात आठवतो.

पोरं वाईट नाहीत हो, हे मला आधी सांगायचंय. प्रवचन ऐकतात, देव आपल्यावर प्रेम करतो हे त्यांना पटतंसुद्धा, कन्फर्मेशनच्या (श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) वेळी रडलेली पोरं आहेत यात. पण ते प्रेम रविवारी दुपारी बाराला चर्चच्या गेटपाशी थांबतं. ते सोमवारी कुणाच्या घरी कसं पोचवायचं? ओरडून, लाज काढून करायचं नाहीये मला. कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

बावखलाकाठचा

ताई, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीत, म्हणजे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेत, बरीच वर्षं आहे. तुमची पोस्ट वाचली आणि पहिला विचार आला तो असा की तुम्ही पोरांना 'कार्यक्रमाला' बोलावलंत, माणसाकडे पाठवलं नाहीत. रागावू नका, आम्ही पण हेच करत होतो, नाताळात धान्य वाटप, ईस्टरला कपडे, संपलं.

माझ्या शेजारच्या गल्लीत एक आजी आहे, ७८ वर्षांची, दोन्ही मुलं गल्फला, वरती टाइल्स लावलेला मोठा बंगला आणि आत एकटी बाई. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने दिवसातून चार वेळा थेंब घालायला सांगितले, महिनाभर. आता एकट्या बाईने स्वतःच्या डोळ्यात थेंब कसे घालायचे, हात थरथरतो, बाटली डोळ्याला लागते, निम्मं औषध गालावर. आमच्यातले सगळे कामावर जाणारे. मग मी बारावीतल्या एका पोराला विचारलं, जो नाताळ सोडला तर चर्चला दिसत नाही. त्याला मी सेवा वगैरे शब्द वापरलाच नाही. म्हटलं, सकाळी सातला आणि रात्री नऊला तू जायचं, दुपारचे दोन वेळा माझी बायको बघेल, आजीला डोळा दिसायला हवा असेल तर एक वेळ पण चुकवायची नाही. पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. पोराचा हात आजीच्या हातापेक्षा जास्त थरथरत होता. खालची पापणी कशी ओढायची, थेंब घालून डोळा मिटून किती वेळ बसायचं, सगळं त्याला दाखवलं. तिसऱ्या आठवड्यात मी सहज डोकावलो तर हा स्वयंपाकघरात पेज गरम करत होता आणि आजी त्याला लग्नाच्या वेळचे फोटो दाखवायला घेऊन बसली होती.

तो अजून दर रविवारी मिस्सेला येत नाही, खोटं कशाला सांगू. पण आजीकडे जातो, थेंब कधीच संपले तरी जातो.

आमची सोसायटी कशी सुरू झाली ते तुमच्या पोरांना जरूर सांगा. फ्रेडरिक ओझानाम, पॅरिसला कॉलेजात शिकणारा पोरगा, चर्चेच्या मंडळात चर्चच्या बाजूने भांडायचा, तेव्हा समोरच्याने तोंडावर विचारलं की पूर्वी चर्चने पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता ते दाखवा. त्याला ते लागलं. २३ एप्रिल १८३३ ला पहिली बैठक झाली, त्याच दिवशी तो वीस वर्षांचा झाला. आणि गरिबांकडे जायचं कसं हे त्यांना माहीतच नव्हतं, ते शिकवलं सिस्टर रोझाली रेंदू यांनी, त्या पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करायच्या, त्यांनी पोरांना घरांचे पत्ते दिले. वीस वर्षांच्या पोरांना हाताला धरून पहिल्या घरात नेणारं कुणीतरी लागतं ताई. ते तुम्ही व्हा. आमच्या सोसायटीत आजही घरोघरी भेट हेच मुख्य काम आहे, आणि शक्यतो दोघांनी मिळून जायचं. त्या पोराला पहिल्या दिवसानंतर मी एकटा सोडला ते चुकलंच माझं, आता कुणालाही पाठवताना जोडी करूनच पाठवतो, विशेषतः लहान पोरं असतील तर घरच्यांना विचारूनच.

चर्चगेट_फास्ट

मी वीस वर्षांचा आहे, ज्या पोरांबद्दल तुम्ही बोलताय त्यातलाच एक समजा. रोज वसई रोडवरून सकाळची लोकल, कॉलेज, पार्टटाइम, घरी यायला आठ. आम्हाला वेळ नाही असं म्हणणार नाही मी, रील बघायला वेळ असतो. पण आम्हाला चर्चमध्ये काम म्हणजे खुर्च्या उचला, मंडप बांधा, पार्किंग सांभाळा एवढंच सांगितलं जातं. ते करायला काही वाटत नाही, पण कुणी जबाबदारी देत नाही. जबाबदारी दिली की माणूस येतो.

२०१८ च्या जुलैमध्ये वसईत पाणी भरलं होतं आठवतंय ना सगळ्यांना, लाईट गेलेली, ट्रेन बंद. मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या आळीतल्या मोठ्या पोरांनी केळीच्या खांबांचा तराफा केला आणि त्याच्यावर दूध, पाण्याचे कॅन, मेणबत्त्या ठेवून कमरेएवढ्या पाण्यातून ढकलत नेत होते. मला एक दादा म्हणाला, तू या बिल्डिंगचे तीन मजले बघ, कुणाकडे लहान बाळ आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कागदावर लिहून आण. त्या बिल्डिंगमध्ये आमच्या चर्चचं एकही घर नव्हतं. मी भिजलेल्या वहीच्या पानावर नऊ घरांची नावं लिहून आणली. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी ख्रिस्ती आहे म्हणजे काहीतरी आहे. कन्फर्मेशन त्यानंतर झालं, पण मला विचाराल तर माझं कन्फर्मेशन त्या जिन्यात झालं.

म्हणून सांगतो, '२५ जणांनी यावे' असा मेसेज टाकू नका. त्याने कुणीच येत नाही, प्रत्येकाला वाटतं बाकीचे जातील. नाव घेऊन सांगा, तू हे घर, तू हे काम. आणि काम खरं असू द्या. आम्ही मे महिन्यात चौघांनी आमच्याकडचं एक बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, साफ करायला घेतलं, जलपर्णी आणि प्लास्टिकने भरलेलं, पूर्वी त्याच्यावर रहाट चालायचा आणि अख्खी वाडी शिंपली जायची असं आजोबा सांगतात. चौथ्या रविवारी आम्ही सतरा जण होतो, त्यातले पाच जण चर्चचे नव्हतेच, त्यांना नुसतं बघून यावंसं वाटलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सृष्टीच्या जपणुकीवर जे परिपत्रक काढलं ते मी पूर्ण वाचलेलं नाही, पण गाळात गुडघाभर उभं राहून त्यातलं थोडं कळलं असं वाटतं.

मतमाउलीची_लेक

मी श्रीरामपूर तालुक्यातली. वसईच्या लोकांचं वाचून छान वाटलं पण आमच्याकडे बंगले नाहीत, आमच्या युथमधली निम्मी पोरं स्वतः रोजंदारीवर जातात. तरी लिहिते, कारण आधी आमच्या पोरांना वाटायचं की सेवा म्हणजे ज्याच्याकडे जास्त आहे त्याने द्यायची गोष्ट, आपल्याला लोकांनी द्यायचं. हे डोक्यातून काढायला आम्हाला फार वेळ लागला.

दिवाळीनंतर साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप सुरू झालं, की माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या राहतात, बीडकडून पाथर्डीकडून टोळ्या येतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात आणि पोरं कोपीवर. आमच्यातल्या दोघी तिघींनी संध्याकाळी सहा ते साडेसात तिथे वर्ग सुरू केला, पाट्या, खडू आणि बॅटरीचा दिवा, एवढंच. एक मुलगी यायची दुसरीतली, कडेवर वर्षाचा भाऊ, त्याला खाली ठेवता येत नाही कारण खाली उसाची चिपाडं, खुंट, पायाला लागतात. ती एका हाताने भावाला धरून दुसऱ्या हाताने पाटीवर लिहायची. मग आमच्यातला एक पोरगा, तो काही शिकवू शकत नाही म्हणून लाजत लांब उभा राहायचा, त्याने फक्त ते बाळ घ्यायला सुरुवात केली. रोज दीड तास बाळ घेऊन फिरायचा. ती मुलगी मार्चपर्यंत जोडाक्षरं वाचायला लागली.

त्या पोराची आजी ऊसतोडीला जायची. त्याने ते आम्हाला नंतर सांगितलं, हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेला चालत जाताना. म्हणाला, मला माहितीये खाली काय लागतं पायाला. ताई तुमच्या ग्रुपमध्ये पण अशी पोरं असतील ज्यांच्या घरी दुःख आहे, दारू आहे, आजारपण आहे. त्यांना फक्त 'मदत घेणारे' समजू नका. बऱ्याचदा सगळ्यात आधी तीच पोरं समोरच्याला ओळखतात.

सिस्टर_नाशिक

सगळ्यांचं वाचते आहे, मन भरून आलं. माझे दोनच मुद्दे.

पहिला फोटोंचा. दुसऱ्याच्या गरजेचा फोटो काढू नये असं मी आमच्या मुलांना स्पष्ट सांगते. आणि ज्यांच्याकडे जातो त्यांनी आपल्या धर्मात यावं असा कुठलाही हेतू मनात ठेवून जायचं नाही. पोप बेनेडिक्ट यांनी २००५ च्या पत्रात हे अगदी उघड लिहिलं आहे की प्रेम फुकट असतं, ते दुसरं काही साधायला वापरायचं नसतं. आजच्या वातावरणात मुलांना हे नीट समजलं पाहिजे, त्यांच्या सुरक्षिततेसाठी तर आहेच, पण खरं म्हणजे प्रेमाचा अर्थच तो आहे म्हणून.

दुसरा, प्रार्थना आणि सेवा वेगळी करू नका. ७ सप्टेंबर २०२५ ला रोममध्ये दोन तरुणांना संत जाहीर केलं, कार्लो अकुतिस आणि पिएर जॉर्जो फ्रासाती. कार्लोची गोष्ट मुलांना माहिती असते कारण तो कॉम्प्युटरवाला, पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. फ्रासातीची जास्त सांगा. तुरीनच्या एका मोठ्या पेपरच्या मालकाचा मुलगा, डोंगर चढणारा, मित्रांत हसणारा. रोज चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घ्यायचा आणि गरिबांच्या घरी जायचा, घरच्यांना त्यातलं फारसं माहीत नव्हतं. १९२५ मध्ये पोलिओने चोवीसाव्या वर्षी गेला. मरणाच्या आदल्या रात्री हात लुळा पडत असताना त्याने एक चिठ्ठी लिहिली, एका गरीब आजाऱ्याची इंजेक्शनं पोचवायची राहिली होती त्याबद्दल. अंत्ययात्रेला एवढी गरीब माणसं आली की घरच्यांना तेव्हा कळलं आपला मुलगा काय करत होता. तोही व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचाच होता, वर दादांनी लिहिलंय त्याच.

आणि लांब कशाला, आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया आहेच. तो फादर नव्हता, ब्रदर होता. जपानी भाषा यायची म्हणून दुभाषा झाला, आणि ज्या फ्रान्सिस्कनांसोबत तो होता ते क्योतोत कुष्ठरोग्यांची सेवा करायचे. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर गेला. वसईच्या मुलाला एक भाषा येत होती, ती त्याने दिली. तुमच्या मुलांना काय येतं ते विचारा.

टोरांटोहून

मी सहसा इथे लिहीत नाही. माझी आई वसईला एकटी असते. बाबांची पेन्शन तिला मिळते, त्यासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत तिचे अंगठ्याचे ठसे लागत नाहीत, आयुष्यभर मासळी साफ करून बोटं झिजली आहेत. दोन हेलपाटे झाले, ती फोनवर रडली, म्हणाली मी जिवंत आहे हे मलाच सिद्ध करता येईना. मग कुणीतरी चर्चमधली एक मुलगी घरी आली, मोबाईलवर चेहरा दाखवून होतो तो दाखला, तिने आईला खिडकीपाशी बसवलं, चष्मा काढायला लावला, पाच मिनिटांत झालं. मी त्या मुलीला ओळखत नाही. तिला कुणी पाठवलं तेही माहीत नाही. जर या धाग्यावर ती असेल तर, बाळा, मी तुझ्यासाठी रोज रोझरीची एक माळ म्हणतो.

वाडीतली_ताई

उशिरा उत्तर देतेय, माफ करा, कारण आधी काहीतरी करून मग लिहायचं ठरवलं होतं.

ग्रुपवर मेसेज टाकलाच नाही. सिस्टरांनी सांगितलं तसं एकेकाला फोन करून विचारलं, तुला काय येतं. एकीला केस कापता येतात, पार्लरचा कोर्स केलाय. एक जण इलेक्ट्रिशियनकडे जातो. एक जण म्हणाला, मला काहीच येत नाही पण माझ्याकडे बाईक आहे. फादरांकडून आजाऱ्यांच्या कम्युनियनची यादी घेतली, ज्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देतात त्यांची, १९ घरं निघाली, एवढी आहेत हे मलाही माहीत नव्हतं. यातली तीन घरं माझ्याच आळीतली.

गेल्या रविवारी आम्ही पाच जण त्या वृद्धाश्रमात गेलो. केक नेला नाही. आजी आहे, देवाची कृपा. तिने मला ओळखलं नाही. मी सांगितलं की मी येते म्हणून गेले होते आणि आले नाही, मला माफ करा. ती म्हणाली बस गं. मग आमच्या पार्लरवालीने तिचे केस धुतले, कोमट पाण्याने, मागे मानेला टॉवेल लावून, आणि बारीक वेणी घातली. शेजारच्या खाटेवरची दुसरी आजी म्हणाली, माझे पण. पाच वाजता निघायचं होतं, साडेसहा झाले.

पुढच्या रविवारी सात जण येतोय. बावखलाकाठच्या दादा, तुम्ही आमच्या पोरांना पहिल्या तीन घरांत नेऊन सोडाल का? शनिवारी दुपारी जमेल.

बावखलाकाठचा

जमेल. चर्चच्या क्रुसापाशी चारला. त्या बारावीवाल्या पोराला पण घेऊन येतो, थेंब कसे घालायचे ते तोच दाखवेल.