नवीन सुपरवायझरसाठी बाहेरचा कोच लावावा का?

प्रश्न: चाकणच्या प्लांटमध्ये ऑपरेटरचे सुपरवायझर झालेले सहा जण आहेत. मशीन पाठ, पण माणसं हाताळताना अडतात. बाहेरचा कोच उपयोगी पडेल?

उत्तर १: प्रोसेस शिकवायला नको, त्याला आतला मेंटॉरच बरा. पण कालपर्यंत शेजारी डबा खाणाऱ्याला आज उशिरा आल्याबद्दल कसं टोकायचं, हे कुणी साहेबासमोर विचारत नाही. तिथे बाहेरचा माणूस लागतो. प्रत्येकी तासाच्या ६ बैठका, मध्ये दोन-तीन आठवडे, म्हणजे शिकलेलं शिफ्टवर करून बघता येतं. सहाही जणांना एका हॉलमध्ये बसवलंत तर ते ट्रेनिंग झालं, कोचिंग नव्हे.

उत्तर २: आयसीएफचं (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, कोचना प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणपत्र बघा. एसीसी या पहिल्या पातळीला किमान १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसी या वरच्या पातळीला ५००. अर्थात शॉप फ्लोअरवरचं मराठी समजत नसेल तर कागद काय कामाचा!

उत्तर ३: गाडी रुतते ती गोपनीयतेत. एचआर मागून "काय बोलला?" विचारतं, बातमी फुटते आणि तिसऱ्या बैठकीपासून नुसतं "सगळं ठीक आहे". सुरुवातीलाच सुपरवायझर, त्याचा मॅनेजर आणि कोच यांनी एकत्र बसून दोन उद्दिष्टं लिहावीत. एचआरला फक्त हजेरी आणि उद्दिष्टांची प्रगती. कोच जीएसटी नोंदणीकृत असेल तर कोटेशनवर १८ टक्के वेगळे धरा.