मालवण-तारकर्ली आणि वारा : तुमचे किस्से येऊ द्या

खोबरेलतेल :
काल ऑफिसातली एक जण मालवणहून खाजा घेऊन आली. गूळ-आल्याचा वास आला आणि मी थेट १९९९ च्या मे महिन्यात. मी अकरा वर्षांची. कोकण रेल्वे नवी नवी होती, कुडाळला उतरून एसटीने मालवण. बाबांना कधी एकदा सिंधुदुर्ग बघतोय असं झालेलं. सामान टाकून भर दुपारी जेटीवर. होडीवाल्याने पाण्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, "आज नाय. उद्या सकाळी येवा."

बाबा वाद घालायला लागले. पाणी तर शांत दिसतंय, किल्ला तर हा समोर दिसतोय! तेवढ्यात त्यांची पांढरी टोपी उडाली. मागे काठावर सुकट वाळत घातली होती, बरोब्बर त्यात. तिथल्या मावशींनी टोपी उचलली, झटकली, स्वतःच्या डोक्यावर घालून बघितली आणि मग परत केली. होडीवाला काही बोलला नाही, नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोच घेऊन गेला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरींचं पाणी गोड. बाबा ते पाणी घोट घोट पीत बसले होते. टोपी पुढे दोन वर्षं वापरली, आई ती नाक दाबून धुवायची. काल कपाटातून काढून वास घेतला. नुसत्या डांबरगोळ्या.

असं काही तुमच्याकडे असेल तर लिहा. मालवण, तारकर्ली, देवबाग, काहीही.

धावतीभेट :
टोपीचं काय घेऊन बसलात! आमच्या सासूबाई वय ६२, तारकर्लीला पॅरासेलिंग करणारच म्हणाल्या. तिथला मुलगा म्हणे साडीत नाही जमणार. त्यांनी तिथेच नऊवारीसारखा कासोटा मारला. वर गेल्या, आम्ही खाली देव पाण्यात घालून. उतरल्यावर म्हणतात, "वर किती शांत वाटलं गं." आणि सासऱ्यांकडे एक कटाक्ष. (कुकर लावलाय, बाकी नंतर)

पन्हाळी :
सासूबाईंना दंडवत __/\__

उसळपाव२ :
मी तारकर्लीला गेलोय पण वारा वगैरे काही आठवत नाही. जेवण आठवतं.

चिवलाकाठ :
तुमी बारा वाजता जेटीवर जावन होडी सोडा म्हणतलास तर कोण सोडतलो? 😄

सगळ्यांना कळेल असं लिहिते. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो होतो ना, ते आमच्याकडे रोज घडतं. रात्री जमीन गार, मतलई वारा जमिनीकडून समुद्रावर, त्यामुळे सकाळी पाणी पाटासारखं. जमीन तापली की दुपारपासून खारा वारा आत घुसतो आणि पाणी उठायला लागतं. मेमध्ये तर जास्तच. म्हणून स्कुबा करायची तर सकाळी लवकर. तेव्हा पाणीही नितळ असतं. लोक रात्री जागतात, अकराला उठतात, नाश्ता करून साडेबाराला येतात आणि मग "काहीच दिसलं नाही, पैसे फुकट".

मे अखेर ते ऑगस्ट अखेर तर किल्ल्याच्या होड्या, वॉटर स्पोर्ट्स सगळंच बंद. उगाच जूनमध्ये येऊन जेटीवर कोणाशी भांडू नका. नारळी पौर्णिमेला बंदरावर समुद्राला नारळ देतात, तेव्हा या बघायला.

अर्धाकच्चा :
स्कुबावरून आठवलं. किल्ल्याजवळच केली होती. वर सगळं समजावून सांगितलं होतं, पण माझं लक्ष फोटोवाल्याकडे. खाली गेलो, निळे-पिवळे मासे तोंडासमोर, मी खूश. दादाने खूण करून विचारलं, ठीक ना? मी अंगठा दाखवला, एक नंबर! त्याने मला वर आणलं. काय झालं? काही नाही. परत खाली. परत विचारलं, परत अंगठा. परत वर. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "साहेब, अंगठा म्हणजे वर न्या!" मग कळलं, सगळं ठीक म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं गोल. तोवर वेळ संपली. व्हिडिओत मी नुसता लिफ्टसारखा वर-खाली.

धावतीभेट :
लिफ्ट 🤣🤣 कुकर करपला तुमच्यामुळे

दोनचाकी :
वारा आणि मालवण म्हटलं की २०२४ चा ऑगस्ट आठवतो. इथल्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला तेव्हाही खापर वाऱ्यावरच फुटलं होतं.

खोबरेलतेल :
दोनचाकी, इथे राजकारण नको, प्लीज. धागा भरकटेल.

उसळपाव२ :
भरकटलाच आहे. बांगड्याचं तिखलं कोणी नीट सांगेल का? माझं दरवेळी कडू होतं.

रेवदंडी :
आम्ही देवबागला त्सुनामी बेटावर गेलेलो. बेट कसलं, कर्ली नदीच्या मुखाशी साठलेली वाळू. बनाना बोट, जेट-स्की, बंपर, सगळं तिथे. मुलगी बनाना बोटीवरून मुद्दाम पाडतात म्हणून रडली आणि मग परत पाडा म्हणून रडली. आम्ही भेळ घेऊन बसलो. निम्मी भेळ, निम्मी वाळू. हो, आणि सकाळी रापण (काठावरून ओढतात ते मोठं जाळं) ओढायला हात लावला. दहा मिनिटांत तळहात सोलले. तिथले आजोबा सत्तरीचे असतील, दोर कमरेला लावून मागे मागे चालत होते गप्पा मारत. जाताना आमच्या हातात चार बांगडे दिले. आमच्या मदतीची किंमत दोनही नव्हती.

कर्लीपार :
वाचून हसलो. पण वारा म्हटला की आमच्या घरात वेगळंच आठवतं.

१६ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. लॉकडाऊन होतंच. होड्या आदल्या दिवशी वर ओढून ठेवल्या होत्या. वाऱ्याचा आवाज असा की शेजारी बसलेल्या आईचं बोलणं ऐकू येईना. माड पडताना दिसायचा आणि त्याचा आवाज यायचाच नाही, एवढा वारा. आमचे सात माड गेले, पडवीचे कौल गेले. पुढे कितीतरी दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. मुंबईला भावाला कळवायला तिसऱ्या दिवशी पपा मोटारसायकलवर कुडाळच्या दिशेने गेले, रस्त्यातली झाडं कापत कापत.

म्हातारे म्हणत होते की २००९ चं फयान पण एवढं नव्हतं. पपांची मासेमारीची होडी वाचली, पण पर्यटकांना फिरवायची नवी होती ती फुटली. तिचे हप्ते चालू होते.

खोबरेलतेल :
बाप रे. आम्ही तेव्हा बातम्यांत बघितलं आणि विसरून गेलो. आता ठीक आहेत ना सगळे? होडी परत घेतली का?

कर्लीपार :
हो, ठीक. घेतली पुढच्या सीझनला, जुनी. पपा अजून दुपारी बारानंतर कोणाला घेऊन जात नाहीत. गिऱ्हाईक भांडतात, ते हसतात. तुमच्या बाबांना नाही म्हणणारा आमच्यातलाच कोणीतरी असणार.

खोबरेलतेल :
🙏 असेल. त्यांना सांगा, टोपीवाल्यांची मुलगी डिसेंबरात येतेय. सकाळी सातला.

पन्हाळी :
डिसेंबरात चिवल्याला समुद्रात पोहायच्या स्पर्धा असतात. भाची होती एकदा. ती पोहून आली, आम्ही काठावर स्वेटर घालून कुडकुडत.

चिवलाकाठ :
स्वेटर?? मालवणात?? 😂

उसळपाव२ :
तिखलं...?

चिवलाकाठ :
ओ उसळपाव, तिरफळातल्या काळ्या बिया काढता का? त्याच कडू. नुसती सालं घ्यायची, जरा ठेचून घालायची. आणि कोकम शेवटी. चमचा कमी फिरवा, बांगडा मोडतो.

उसळपाव२ :
बिया काढायच्या असतात???

धावतीभेट :
अहो अंगठा दाखवा, वर काढतील तुम्हाला.